लेकराच्या हृदयाला भोक आहे, रोबोटनं करायचं का?

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद हातात आला की माणूस आधी खालची ठळक ओळ वाचतो आणि तिथंच बसतो. माझंही तसंच झालं. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं होतं. सातवीतल्या माझ्या लेकीच्या छातीला नळी लावून डॉक्टरीणबाईंनी दोनदा ऐकलं, मग पाठीकडून तिसऱ्यांदा ऐकलं आणि चिठ्ठी लिहून दिली: टुडी इको करून घ्या. पोरगी धावण्यात पुढं, कधी आजारी नाही. मिरजेला इको केला तर एएसडी, म्हणजे हृदयातल्या पडद्याला भोक, १९ मिलिमीटर. दिवस मावळेपर्यंत भावकीतल्या तिघांचे फोन आले. तिघांचं एकच, "आता रोबोटनं करतात, व्रणसुद्धा राहत नाही. तू रोबोटच बघ."

पुढच्या पाच महिन्यांत मला कळलं ते एवढंच, की रोबोटचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा-पाचवा आहे. त्याच्या आधीचे प्रश्न सोडवले की त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपसूक मिळतं. माझ्या लेकीचं शेवटी रोबोटनंच झालं. त्याच वर्षी कोरेगावला दिलेल्या माझ्या बहिणीच्या चार वर्षांच्या पोराचं व्हीएसडी, म्हणजे दुसऱ्या जातीचं भोक, छाती उघडून बंद केलं. दोन्ही पोरं आज हुंदडतायत. मी द्राक्षबागायतदार माणूस, डॉक्टर नव्हे. आम्ही ज्या क्रमानं जायला हवं होतं आणि गेलो नाही, त्या क्रमानं हे लिहितोय.

आधी कागद समजून घ्या

जन्मतः हृदयात दोष असणारी मुलं हजारात साधारण ८ ते १० असतात. म्हणजे तुमच्याच घरावर आभाळ कोसळलंय असं नाही, आणि आईनं गरोदरपणात ग्रहणात काही चिरलं म्हणूनही झालेलं नाही. आमच्या आईनं हा विषय काढलाच. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "आजी, पोटात बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आतच हृदय तयार होतं. सुनेला तेव्हा दिवस गेलेत हेसुद्धा नीट माहीत नसतं." ते एक बरं झालं.

"भोक" हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो, पण कागदावर तीन वेगळी नावं असतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर एएसडी. खालच्या दोन कप्प्यांमधलं असेल तर व्हीएसडी. आणि जन्मल्यावर काही दिवसांत बंद व्हायला हवी होती ती मोठ्या दोन रक्तवाहिन्यांमधली नळी उघडीच राहिली तर पीडीए. याखेरीज फॅलोटचे चार दोष, उलट्या जागी निघालेल्या धमन्या, आवळलेली महाधमनी असले गुंतागुंतीचे प्रकार असतात. त्यांच्यासाठी हा लेख पुरेसा नाही, आणि रोबोटचा विचार तर तिथं जवळजवळ नसतोच.

नाव कळलं की मिलिमीटर विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भोकाच्या कडा विचारा. मी महिनाभर १९ हा आकडाच घोकत होतो. खरी गोष्ट दुसऱ्या ओळीत होती: खालची कड अपुरी. तिचा अर्थ पुढं सांगतो. तिसरी विचारायची गोष्ट म्हणजे उजवा कप्पा फुगलाय का आणि फुप्फुसाचा दाब किती आहे.

नुसती छातीत "फुस्स" असा आवाज ऐकू आला म्हणजे दोष असतोच असंही नाही. पुष्कळ निरोगी मुलांत तो असतो. इको झाल्याशिवाय घाबरू नका आणि इको झाल्याशिवाय निर्धास्तही राहू नका.

घाईचं आहे की सवडीचं?

दूध पिताना बाळाला कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन दमतं, वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो: हे दिसलं तर आठवड्याची वाट बघू नका. ओठ, जीभ, नखं निळसर होत असतील तर त्याच दिवशी दाखवा. रडता रडता मूल एकदम काळंनिळं पडलं तर गुडघे पोटाशी, छातीकडं दुमडून धरा आणि १०८ ला फोन करा. फॅलोटच्या मुलांना त्या स्थितीत फुप्फुसाकडं थोडं जास्त रक्त जातं.

उलट माझ्या लेकीसारखा एएसडी असेल, मूल खेळतंय, खातंय, फुप्फुसाचा दाब वाढलेला नाही, तर काही महिने हातात असतात. आम्ही डॉक्टरांना विचारून फळछाटणीचा हंगाम मार्गी लावला आणि मगच तारीख घेतली. मात्र सवड म्हणजे "मोठी झाल्यावर बघू" नव्हे. वर्षानुवर्षं फुप्फुसात जादा रक्त जात राहिलं की तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. एका टप्प्यानंतर भोक बंद करणंच धोक्याचं ठरतं. मोठ्या व्हीएसडीत आणि पीडीएत ही वेळ फार लवकर येते, म्हणून भाच्याला थांबवता आलं नाही.

वाटा किती आहेत

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे काहीच न करणं. छोटी व्हीएसडी पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतात, छोटी एएसडीसुद्धा. डॉक्टर "सहा महिन्यांनी परत इको" म्हणाले तर ते टाळतायत असं समजू नका.

दुसरी वाट छत्रीची. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून घडी केलेली जाळीची चकती भोकात उघडतात. आपल्याकडं कुणी तिला छत्री म्हणतं, कुणी बटण. छाती कापत नाहीत, हृदय थांबवत नाहीत, मूल दोन दिवसांत घरी येतं. पीडीए आणि मधोमध असलेला एएसडी बहुतेक वेळा असाच बंद होतो. हे जमत असेल तर रोबोटचं नावच काढू नका. रोबोट कितीही नवा असला तरी छत्री त्याच्याहून सोपी आहे.

पण छत्रीला टेकायला कडा लागतात. दाराला चौकट नसेल तर बिजागरी कुठं ठोकणार? माझ्या लेकीच्या भोकाला खालच्या बाजूला कडच नव्हती. छत्री घसरून कप्प्यात पडण्याची भीती. काही एएसडी वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असतात आणि त्यांत फुप्फुसाची एखादी शीर चुकीच्या कप्प्यात उघडलेली असते. तिथंही छत्री चालत नाही. मग शिवणं आलं.

शिवायचं म्हणजे हृदयाच्या आत हात घालायचा, म्हणजे तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसाचं काम यंत्राकडं द्यायचं. या यंत्राच्या जोरावर जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी केली. ती १८ वर्षांच्या मुलीची होती आणि दोष होता एएसडीच. सत्तर वर्षांत ही शस्त्रक्रिया इतकी मुरली आहे, की अनुभवी ठिकाणी साध्या एएसडीत जिवाचा धोका १ टक्क्याहूनही कमी असतो. छाती मधोमध उघडून करायची ही जुनी वाट "जुनाट" नाही. लहान बाळं आणि गुंतागुंतीचे दोष यांच्यासाठी आजही तीच खात्रीची.

आता एक मधली वाट, जिच्याबद्दल भावकीतलं कुणी सांगत नाही: उजव्या काखेखाली छोटा उभा छेद घेऊन बरगड्यांच्या फटीतून शिवणं. हाड कापत नाहीत, हात खाली असला की व्रण दिसत नाही, आणि खर्च रोबोटच्या मानानं पुष्कळ कमी. मुलगी असेल तर हे जरूर विचारा. छातीच्या पुढच्या बाजूला आडवा छेद वयात येण्याआधी घेतला तर पुढं स्तनाची वाढ बिघडू शकते. काखेतल्या छेदानं ती भीती टळते. "पोरीच्या लग्नात व्रण आडवा येईल" या एका धास्तीनं लोक शेत गहाण ठेवून रोबोटकडं धावतात. त्यांना कुणीतरी ही काखेची वाट दाखवायला हवी.

रोबोट म्हणजे नेमकं काय

माझ्या डोक्यात चित्र होतं ते मोटारीच्या कारखान्यातलं. पोलादी हात आपापलं जोडकाम करतोय, माणसं लांब उभी. तसं काहीही नाही. रोबोट स्वतःहून सुईएवढाही हलत नाही. शस्त्रक्रिया करणारा सर्जनच असतो, फक्त तो रुग्णाजवळ उभा न राहता त्याच खोलीत काही फुटांवर एका मेजापाशी डोकं खाली घालून बसतो. त्याला आतलं दृश्य दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं, म्हणजे खोल-उथळ कळेल असं आणि कितीतरी पट मोठं दिसतं. तो बोटांनी ज्या मुठी फिरवतो त्या हालचाली रोबोटच्या हातांना जातात. हे हात मुलाच्या शेजारी असतात आणि त्यांना पेन्सिलीएवढी जाड, पुढं मनगटासारखी वळणारी हत्यारं असतात. सर्जनचा हात तीन सेंटिमीटर हलला तर आतलं टोक एकच सेंटिमीटर हलेल अशी सोय असते, आणि हाताची बारीक थरथर यंत्र गाळून टाकतं. मुलाच्या बाजूला दुसरा सर्जन उभा असतोच.

अशा यंत्रानं हृदयावरची शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९९८ मध्ये पॅरिसला झाली, डॉ. अलाँ कार्पांतिए यांच्या चमूकडून. सगळ्यात जास्त चालणारं यंत्र अमेरिकेचं "दा विंची". आता गुरुग्राममध्ये बनलेलं "एसएसआय मंत्र" हे देशी यंत्रही आपल्याकडच्या रुग्णालयांत आलं आहे.

एएसडीसाठी हे असं चालतं. मुलाला भूल देतात आणि उजवं फुप्फुस थोडा वेळ हवेविना ठेवतात, म्हणजे जागा होते. उजव्या बरगड्यांच्या फटींतून तीन-चार बारीक छिद्रं आणि एक छोटा कामाचा छेद. जांघेतल्या धमनीत आणि शिरेत, कधी मानेच्या शिरेतही नळ्या घालून हृदय-फुप्फुस यंत्र जोडतात. मग हृदय थंड औषधानं थांबवतात, वरचा कप्पा उघडतात आणि हृदयाच्याच आवरणाचा तुकडा कापून त्याचं ठिगळ भोकावर शिवतात. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोनं गळती नाही ना ते तिथल्या तिथं बघतात.

हे नीट लक्षात घ्या: बाहेर छिद्रं बारीक असली तरी आत तीच मोठी शस्त्रक्रिया आहे. हृदय थांबतं, यंत्र लागतं, रक्त पातळ करायचं औषध लागतं. उलट हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ रोबोटमध्ये बहुधा जास्तच जातो. फायदा काय, तर छातीचं हाड अखंड राहतं, दुखणं आणि रक्तस्राव कमी, मूल लवकर उठतं, व्रण छोटे. तोटाही सांगतो. बहुतेक यंत्रांत सर्जनला हाताला दोऱ्याचा ताण जाणवत नाही, डोळ्यांनी बघून ओळखावा लागतो. त्यामुळं यंत्रापेक्षा त्यावर बसणाऱ्याचा सराव मोलाचा.

आपल्या लेकराला जमेल का

इथं बहुतेकांची आशा मोडते, म्हणून स्पष्ट लिहितो. ही हत्यारं मोठ्या माणसांच्या मापानं बनली आहेत. साधारण ८ मिलिमीटर जाडीची तीन-चार हत्यारं छातीत एकमेकांना न धडकता फिरायची तर त्यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर लागतं. दोन वर्षांच्या बाळाच्या छातीत ते आणायचं कुठून? दुसरी अडचण जांघेची. हृदय-फुप्फुस यंत्राची नळी मावेल एवढी जाड धमनी लहान मुलाला नसते, आणि जबरदस्ती केली तर पायाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

म्हणून हृदयाच्या आतलं काम रोबोटनं करायचं तर मूल बरंच मोठं, शक्यतो किशोरवयातलं लागतं. किती किलोला हो म्हणायचं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. माझी लेक तेव्हा ३६ किलोची, आणि तरी आधी जांघेच्या धमनीची सोनोग्राफी करून तिची जाडी मोजली. भाचा होता १३ किलोचा. बहिणीनं विचारलं तेव्हा सर्जन हसून म्हणाले, "ताई, आमचं हत्यारच त्याच्या हातापेक्षा मोठं आहे." पीडीए बांधणं किंवा श्वासनलिकेभोवतीचा धमनीचा वेढा सोडवणं ही हृदयाच्या बाहेरची कामं काही देशांत छोट्या मुलांतही रोबोटनं झाली आहेत, पण आपल्याकडं पीडीएला छत्री असताना त्याची गरज क्वचितच पडते.

कुठं जायचं, काय विचारायचं

मिरजेला १८९४ ला मिशनचा दवाखाना निघाला आणि गाव डॉक्टरांनी भरलेलं आहे. इको, बालरोगतज्ज्ञ, नंतरची देखरेख हे सगळं सांगली-मिरज, कराड, सातारा इथं होतं. पण मुलांच्या हृदयाचं आणि त्यातही रोबोटचं म्हटलं की पुणे-मुंबईची वाट धरावी लागते. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटर, सांगलीकरांना त्याच्या दुप्पट.

आमची चूक इथं झाली. एका मोठ्या शहरातल्या, नाव घेत नाही अशा दवाखान्यात पहिल्याच भेटीत आम्हाला रोबोटचा खर्च छापलेला कागद मिळाला. लेकीचा अन्ननलिकेतून इको व्हायचा होता, जांघेची धमनी मोजायची होती, आणि समन्वयक म्हणवणारा मुलगा विचारत होता, "काका, तारीख ब्लॉक करू का?" छत्री का नाही, काखेतून का नाही, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं आणि डॉक्टर भेटले चार मिनिटं. आम्ही इकोची सीडी उचलली आणि उठलो. दुसऱ्या ठिकाणी सर्जननी पाऊण तास पडद्यावर भोक दाखवलं आणि सुरुवात केली ती "छत्री बसते का ते आधी बघू" इथून. आम्ही तिथंच थांबलो.

तेव्हा दोन मतं घ्याच. त्यांतलं एक छत्री टाकणाऱ्या बालहृदयरोगतज्ज्ञाचं असू द्या आणि एक शिवणाऱ्या सर्जनचं. सर्जनला लाजू नका, विचारा: या वजनाच्या मुलांची रोबोटनं तुम्ही स्वतः किती केलीत? त्यांतल्या किती जणांची मध्येच छाती उघडावी लागली? उघडावी लागली तर उघडणारे तुम्हीच की दुसरं कुणी? मुलांच्या हृदयाची भूल देणारे आणि मुलांचा वेगळा अतिदक्षता विभाग इथं आहे का? तुमची स्वतःची लेक असती तर काय केलं असतं, हाही प्रश्न मी विचारला. चांगला डॉक्टर यातल्या कशानंच रागावत नाही. मोठ्या माणसांचे बायपास रोबोटनं शेकडो केलेत, हे मुलांच्या बाबतीत उत्तर होत नाही.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मुलांच्या हृदयदोषांवरचे उपचार तिच्या यादीत आहेत. चौकशीचा टोल-फ्री नंबर १५५३८८. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी त्याला भेटा. पण योजनेचं पॅकेज दोष बंद करण्यासाठी असतं. रोबोटचा जादा खर्च त्यात बसेल असं गृहीत धरू नका, लेखी विचारून घ्या. भाच्याचं सगळं योजनेत झालं, बहिणीचे गेले ते येण्याजाण्याचे आणि खाण्यापिण्याचे. आमचे मात्र पदरचे गेले.

शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या तपासणीत दोष सापडला असेल तर तालुक्याच्या बाल स्वास्थ्य पथकाला सोडू नका. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि पुढच्या रुग्णालयाशी बोलणं, इको शिबिर, कागदपत्रं यात ते खरंच मदत करतात. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयासाठीचं रुग्णालय आहे. तिथं बिलाचा काउंटरच नाही, सगळं मोफत. पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा अर्ज शस्त्रक्रियेच्या आधीच करायचा असतो.

खासगी विमा असेल तर दोन ओळी शोधा. एक, जन्मजात दोषात "आतला" आणि "बाहेरचा" असा फरक केलेला असतो. हृदयाचं भोक आतल्यात येतं, त्याला प्रतीक्षाकाळ किती ते बघा. दुसरी, रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी कमाल मर्यादा घातलीय का. विमा असूनही अर्धे पैसे खिशातून जातात ते या दुसऱ्या ओळीमुळं.

खर्चाचा अंदाज लेखी मागा आणि त्यात काय नाही ते विचारा. रोबोटची हत्यारं ठरावीक वेळा वापरली की यंत्र ती स्वीकारतच नाही, म्हणून दर शस्त्रक्रियेमागं त्यांचा वाटा बिलात येतो. छाती उघडावी लागली तर बिलाचं काय, हेही आधीच विचारा.

रेशनकार्डात मुलाचं नाव आहे का ते आजच बघा. आमच्या कार्डात आजोबांचं होतं, जे जाऊन सहा वर्षं झाली, आणि नातीचं नव्हतं. जन्मदाखला, मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाईड, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. इकोच्या कागदाबरोबर सीडी घ्याच, नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा इको सांगतो.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

दात तपासून घ्या. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या नव्या ठिगळावर बसू शकतात. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका, तारीख काही आठवडे पुढं जाते आणि जावीच. अंगावर गळू, खरूज, डोक्यात उवा असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. लसी पूर्ण करा. रक्तदाते लागतील. पुण्यात कुणी ओळखीचं नसेल तर गावातल्या दोन तरण्या पोरांना सोबत न्या. मुलगी वयात आली असेल तर पिशवीत पॅड ठेवा. मला सुचलं नसतं, तिच्या आईनं आठवणीनं घेतले आणि दुसऱ्याच दिवशी लागले.

मुलाला खरं सांगा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला "नुसतं चेकअप आहे" सांगून नेलं तर ते जागं झाल्यावर तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. लेकीनं सर्जनना विचारलं, "रोबोटची लाइट गेली तर?" त्यांनी बॅटरी आणि जनरेटर दोन्ही समजावून सांगितलं. मलाही तेवढंच विचारायचं होतं.

त्या दिवशी

आदल्या रात्री जेवण, मग डॉक्टर सांगतील तसं उपाशी. साधारणपणे घन पदार्थ ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. आजीच्या मायेनं दिलेलं एक बिस्किटसुद्धा शस्त्रक्रिया रद्द करतं, कारण भुलेत ओकारी झाली तर ती फुप्फुसात जाते.

संमतीपत्रात "गरज पडल्यास छाती उघडू" असं लिहिलेलं असेल. घाबरू नका, ते असायलाच हवं. मध्येच छाती उघडायचा निर्णय वेळेत घेणारा सर्जन चांगला. आत नेल्यापासून निरोप येईपर्यंत आम्हाला सात तास लागले. त्यातला पहिला दीड-दोन तास नुसती भूल, नळ्या आणि रोबोट जागेवर आणण्यात जातो. तासाभरात फोन आला नाही म्हणून काही बिनसलंय असं नसतं.

अतिदक्षता विभागात पहिल्यांदा बघायला आत सोडतात तेव्हा तोंडात नळी, मानेत सलाईन, छातीतून रक्त बाहेर नेणारी नळी असते. छिद्रं छोटी आहेत म्हणून मूल टुणटुणीत दिसेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. मी ठेवली होती, आणि भिंत धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी नळी निघाली, तिसऱ्या दिवशी लेक चालली, पाचव्या दिवशी घरी सोडलं. भाच्याला आठ दिवस लागले.

श्वास आत ओढून तीन गोळ्या वर उचलायचं एक प्लास्टिकचं खेळणं देतात. ते तासातासाला करून घ्या. बंद ठेवलेलं फुप्फुस त्यानं पुन्हा फुलतं.

घरी आल्यावर

महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत येणार असाल तर खालचा बर्थ घ्या. गाडीनं येत असाल तर दर दीड-दोन तासांनी थांबून दहा पावलं चालवा. स्वागताला आख्खं गाव घरात घेऊ नका. खोकणाऱ्या माणसाला दारातूनच चहा द्या. आणि सांगलीचं भडंग पंधरा दिवस लांब ठेवा. तिखटाचा ठसका लागला की बरगडीतलं दुखणं काय असतं ते लेकीनं सांगितलंय.

रोबोटच्या मुलांची जांघ रोज बघा: सूज, लाली, पाय गार पडणं किंवा मुंग्या येणं दिसलं तर लगेच फोन. छाती उघडलेल्या लहान मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही, सहा आठवडे तरी पाठीखाली आणि ढुंगणाखाली हात घालूनच उचला. भाच्याच्या आजोबांना हे शिकवायला वेळ लागला.

सगळ्यात जपायची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आम्हाला घरी सोडताना एका नर्सताईंनी सांगितली. एएसडी शिवल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांच्या हृदयाभोवती पाणी साठतं. मूल मलूल होतं, बारीक ताप येतो, उलट्या होतात, आडवं झोपलं की छातीत दुखतं किंवा दम लागतो. आपण म्हणतो पोट बिघडलं, आणि गावातलं औषध देत बसतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी इको करा, मिरजेत किंवा साताऱ्यात, जिथं जवळ असेल तिथं, आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन लावा. हे रोबोटनं केलं तरी होतं, छाती उघडून केलं तरी होतं.

शाळा आमची तीन आठवड्यांनी सुरू झाली, भाच्याची अंगणवाडी दोन महिन्यांनी. दप्तर आणि सायकल डॉक्टरांच्या परवानगीनंतर. पहिले ६ महिने दात काढायचा किंवा साफ करायचा असेल तर आधी प्रतिजैविक लागतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांना ठिगळाबद्दल सांगा. आमचे इको महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि वर्षानं झाले. पुढचा दोन वर्षांनी आहे. तिच्या खेळाच्या बाईंना मी डॉक्टरांचं पत्र नेऊन दिलं, "धावायला हरकत नाही" असं लिहिलेलं. त्या आधी तिला सावलीत बसवून ठेवत होत्या, आणि त्यावरून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.